चोळीबांगडीच्या विहिरीची निरवानिरव

मी, बायनाबाई भ्रतार पंडितराव साबळे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शेती, राहणार वालूर, तालुका सेलू, जिल्हा परभणी, आज रोजी पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्या दाबाखाली न येता आणि कोणी काही पाजलेलं नसताना माझ्या मिळकतीची ही व्यवस्था लिहून ठेवते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. त्या डोळ्यानं मला पूर्वीपेक्षा जास्त दिसतं. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, तो माझ्या पोरांसाठी. मला माझ्या डोक्याची खात्री आहे.

हे सगळं माझ्या सांगण्यावरून लेखनिक दिनकरराव लिहून घेत आहेत. त्यांचं म्हणणं असं की मृत्युपत्रात कोणाला शिव्या देत नसतात. मी म्हटलं, शिव्या नका लिहू, झालं तेवढं लिहा, ते वाचून लोक आपोआप देतील. तरी दोन ठिकाणी त्यांनी माझे शब्द मऊ केले, ते वाचून दाखवताना माझ्या लक्षात आलं. राहू द्या म्हटलं. बाकी कागद माझाच आहे.

माझ्या मिळकतीत पंडितरावांची वडिलोपार्जित जमीन धरू नये. ती दोन्ही पोरांनी बाप हयात असतानाच वाटून घेतली, आणि वाटताना बांधावरून अशी भांडली की सगळ्या शिवारानं ऐकलं. शेतीत माझं स्वतःचं म्हणजे ओढ्याकाठचं दोन एकर वावर आणि त्यातली विहीर. हे वावर माझे वडील, याच गावचे नागोराव, यांनी मला चोळीबांगडीला दिलं. लेकीचा सणावाराचा खर्च निघावा, तिला भावांच्या तोंडाकडे बघावं लागू नये, म्हणून बाप जो तुकडा तिच्या नावे करतो, तो. माझ्या भावांनी त्यावर सह्या केल्या, पण मी त्यांच्या ताटातली भाकर उचलल्यासारखं तोंड करून. भाऊ आता राहिले नाहीत. त्यांच्या पोरांनी या कागदाकडे बघूही नये, त्यांचा यात काडीचा संबंध नाही.

वावरासोबत बापानं एक अट दिली, ती आधी लिहा म्हणजे पुढचं समजेल. बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या विहिरींनी तळ दाखवला, आमची ओढ्याकाठची तेवढी राहिली. बापानं गुढीपाडव्याच्या दिवशी मोट सोडून ठेवली आणि सांगितलं की आता मृग निघेपर्यंत हे पाणी पिकाला नाही, माणसाला आणि जनावराला. ज्याला लागेल त्यानं यावं, पोहरा सोडावा, हातानं ओढावं आणि न्यावं. कोणाला नाही म्हणायचं नाही. बौद्धवाड्यातली माणसं त्याच काठावरून, त्याच पोहऱ्यानं पाणी काढायला लागली तेव्हा गावातल्या मोठ्या घरांनी बापाला वाळीत टाकलं. बाप म्हणाला, टाका. पुढं वैशाखात त्याच घरांतल्या बाया घागरी घेऊन आल्या. बापानं त्यांनाही नाही म्हटलं नाही. रांगेत मात्र उभं केलं. त्या घरांची नावं मी सांगत होते, दिनकररावांनी लिहिली नाहीत, कारण त्यातलं एक घर त्यांच्या मामाचं निघालं.

मोट गेली, विजेची मोटार आली, पण पाडव्याला मोटार वर काढायची हे माझ्या हातून कधी चुकलं नाही. पंडितराव तरणेपणी येलदरीच्या धरणावर मजुरीला होते, त्यांना खडकाची पारख होती. ते सांगायचे, आपल्या विहिरीचं पाणी तळच्या खडकावर परातीत बसल्यासारखं बसलंय, परातीला भोक पाडू नका. तळाला बोअर मारलं की वरचं पाणी खाली निघून जातं, हे आमच्या शिवारात शेंबड्या पोरालासुद्धा माहीत आहे. माझ्या थोरल्या पोरालाही माहीत होतं. ते न कळून झालं असं पुढं कोणी म्हणेल, म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवते.

आता थोरला मुलगा परमेश्वर याच्याबद्दल.

मागच्या साली पावसानं दगा दिला. या साली होळी होते न होते तोच बोअर कोरडे पडले आणि ऊन असं सुरू झालं की दुपारी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडेना. परमेश्वरनं माझ्या वावराला लागून मोसंबीची बाग केली आहे. पाडव्याला मोटार वर काढायची वेळ आली तेव्हा तो विहिरीवर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "माय, एवढ्या बारीला मोटार ऱ्हाऊ दी. आठ वर्साची झाडं हायत." मला झाडं दिसत नव्हती असं नाही. पानं वळायला लागली होती, आणि बागायतदाराचं काय होतं ते मला कळतं. पण बाग लावताना त्यानं मला विचारलं नव्हतं, आणि बागेवर तेव्हाही मी हेच बोलले होते की पाडव्यानंतर तुझ्या झाडांना माझ्या विहिरीचा थेंब मिळायचा नाही. मी मोटार वर काढायला लावली. तो तसाच बागेकडं चालू लागला. न भांडता जाणारा माणूस काहीतरी करायलाय हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

त्यानंतर माझी मुलगी राजेश्री, जी पाथरीला दिली आहे, तिला अचानक माझ्या डोळ्याचा पुळका आला. इतकी वर्षं मला मोतीबिंदू होता, तेव्हा तिला सवड नव्हती. आता जीप घेऊन दारात. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी घरी जा म्हटलं, तरी ही म्हणते, "ऊन लय हाय माय, पट्टी सुटू दी, मग जाशील." पंख्याखाली बसवलं, शेवया खाऊ घातल्या. भावाचा निरोप येईपर्यंत मला धरून ठेवायचं ठरलं होतं, हे नंतर तिच्याच नवऱ्याच्या तोंडून निघालं. सबब राजेश्रीला माझ्या बोरमाळेतला एक मणीही देऊ नये. ऑपरेशननंतर तिनं घेऊन दिलेला काळा चष्मा तिला परत करावा. घरात काय चाललंय ते दिसू नये म्हणून दिलेली वस्तू आहे, तिच्या कामी येईल.

मी एसटीनं घरी आले ती तशीच विहिरीवर गेले. कप्पीचा आवाज नाही, बाया नाहीत, काठावर कोरडी माती. आत डोकावले तर नव्या डोळ्यानं तळ लख्ख दिसला. तळाच्या मधोमध सहा इंचाचं भोक. आजवर या विहिरीचा तळ मी पाहिला नव्हता. बहात्तरला नाही, मधल्या कोणत्याच दुष्काळात नाही. मी तिथंच मातीत बसले आणि बोंब मारली. मेल्या माणसावर मारतात तशी.

काय झालं ते माझी थोरली सून, म्हणजे परमेश्वरची बायको दैवशाला, हिनं सांगितलं. परमेश्वरनं बोअरवाले आणले. यंत्र विहिरीत उतरवायला लागले तेव्हा दैवशाला काठावर पाय सोडून बसली आणि उठेना. आत्याबाई येऊ द्या, मग काय ते करा, म्हणाली. नवऱ्यानं दंडाला धरून तिला फरफटत बाजूला नेलं, बोअरवाल्यांच्या देखत. मग भोक पाडलं. थोडा वेळ गढूळ पाणी उसळलं, नारळ फुटला, पेढे वाटले. सकाळी उठून बघतात तो विहीर रिकामी. बोअरला पाणी नाही आणि विहिरीत होतं तेही गेलं. मोसंबी वैशाख लागायच्या आत वाळली. आता ती झाडं जळणाला तोडायलेत.

मी परमेश्वरला समोर उभं केलं. तो म्हणाला, "खाली लय पाणी हाय म्हनला बोअरवाला."

मी विचारलं, "मग कुठं हाय?"

त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही आणि मी त्याच्याशी बोलत नाही. हा कागद म्हणजे मी त्याच्याशी बोललेलं शेवटचं, असं धरावं.

पाणी काढायची मोटार, पाइपासकट, परमेश्वरला द्यावी. तिच्यासाठी त्यानं एवढं केलं. ती कुठं सोडायची ते त्यानं बघावं.

आता धाकटा, शिवप्रसाद. हा पुण्याकडं चाकणला कंपनीत आहे. विहीर गेली त्या दिवशी मी त्याला फोन लावून घेतला. रडले, हे कबूल करते. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माय, टँकर तर येतो ना गावात?" येतो. टँकर येतो. ज्या बाईच्या काठावर सगळं गाव उभं राहायचं ती बाई आता टँकर आला की घागर घेऊन पळते, आणि पोरी म्हणतात, आजी, मागं सरका. एकदा नळीच्या झटक्यानं माझा चष्मा चिखलात पडला. कोणी हसलं नाही, हे जास्त वाईट. टँकरचं पाणी साठवायला मला निळा प्लास्टिकचा ड्रम घ्यावा लागला. तो ड्रम शिवप्रसादला द्यावा, त्यानं तो चाकणला नेऊन हॉलमध्ये ठेवावा. त्याला गावाच्या पाण्याची चौकशी करायची असेल तर त्या ड्रमाला विचारावं. दुसरं काही त्यानं मागू नये.

तांब्याच्या दोन घागरी आणि कप्पी विहिरीच्या मालकीसोबत जातील. दोर नवा घ्यावा, जुना विरला आहे. दोन शेळ्या ज्याच्या घरी चारा असेल त्याला द्याव्यात. माझं लोखंडी कपाट उघडून बघायची घाई कोणी करू नये. त्यात लुगडी आणि डांबरगोळ्या आहेत.

यानंतर दैवशालाबद्दल. हे नीट लिहा, दिनकरराव, ही बाई माझी लाडकी आहे असं कुठं वाटायला नको.

दैवशाला या घरात आली तेव्हापासून तिचं माझं पटलेलं नाही. तिच्या भाकरी जाड असतात. तिला दहादा सांगितलं तरी ती वरणात मीठ कमी टाकते आणि विचारलं तर वरून घ्या म्हणते. ती उलट बोलते. माझ्या माहेरच्या माणसांना चहा देताना कपबशी आपटते. तिच्या माहेरच्यांनी लग्नात पंडितरावांच्या हातात नारळ दिला तो किडका निघाला, हे मी अजून विसरलेले नाही. यातलं काहीही या कागदानं माफ होत नाही.

पण विहीर गेल्यावर घरात सगळे हात गुंडाळून बसले असताना हीच बाई माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, भोक बुजवलं तर?" मी म्हटलं, बुजवणार कोण, तुझा नवरा? ती म्हणाली, "मी हाय की." बाभळीचा खुंटा तिनं स्वतः कुऱ्हाडीनं तासला. बौद्धवाड्यातल्या सिद्धोधनला, ज्याचं घर बापाच्या काळापासून या विहिरीवर पाणी भरतं, बोलावून आणलं. दोघं दोर बांधून खाली उतरले. आधी खडीचे तुकडे, मग बारदान गुंडाळलेला खुंटा घणानं ठोकला, त्यावर तळ्यातली चिकणमाती तुडवून भरली, वर सिमेंट. वैशाखाच्या उन्हात विहिरीच्या पोटात वारा नसतो. वर आली तेव्हा तिच्या हाताची सालटं निघाली होती आणि तिला नीट उभं राहता येईना. मी काठावर बसून दोघांना शिव्या घालत होते, कारण मला दुसरं काही करता येत नव्हतं. परमेश्वर वाळलेल्या बागेत उभा राहून बघत होता. आला नाही.

सबब माझी उपरोक्त दोन एकर जमीन, त्यातली विहीर, कप्पी, पोहरा आणि घागरी, हे सर्व माझ्या पश्चात माझी सून दैवशाला भ्रतार परमेश्वर साबळे हिच्या एकटीच्या नावे व्हावं. तिच्या नवऱ्याचं नाव सातबाऱ्यावर कुठंही, कोणत्याही रकान्यात लागू नये. बोरमाळही तिलाच द्यावी. गळ्यात घालायची नसेल तर मोडून नवा दोर आणि बाभळीचा रहाट करावा.

हे तिला कळलं तेव्हा ती घाबरली. कधी नाही ते माझे पाय धरले. म्हणाली, "आत्याबाई, मला नका देऊ. मला त्याच घरात ऱ्हायचं हाय."

मी म्हटलं, "म्हणून तर तुला द्यायलेय."

तिला घराचं भय राहू नये म्हणून पुढचं लिहिते. राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्या पंडितरावांनी माझ्या नावे केल्या होत्या. त्याही दैवशालाच्या. परमेश्वरनं पुन्हा तिच्या दंडाला हात लावला तर त्यानं मागच्या खोलीत झोपावं, आणि अंगणातून जाताना तिची परवानगी घ्यावी. कोर्टकचेरी करायची त्याला खाज आली तर करावी. विहिरीचं भोक कोणी पाडलं हे सांगायला सगळं वालूर साक्षीला येईल.

दैवशालावरही अट आहे, ती सुटली असं तिनं समजू नये. पाडवा ते मृग, पिकाला पाणी नाही. तिच्या स्वतःच्या मिरच्यांनासुद्धा नाही. येईल त्याला पोहरा द्यायचा, जात, पात, भांडण, निवडणूक काही बघायचं नाही. तिच्या नवऱ्याला तहान लागली तर त्यालाही नाही म्हणायचं नाही. त्यानं रांगेत उभं राहावं आणि आपल्या हातानं ओढावं.

माझ्या अंत्यविधीबद्दल. मला टँकरच्या पाण्यानं न्हाऊ घालू नये. विहिरीत पाणी नसेल तर कोरडीच न्यावी, मातीच्या अंगाला मातीची लाज नाही. चितेभोवती खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन फिरतात आणि दर फेऱ्याला त्याला भोक पाडतात, ते काम परमेश्वरनं करू नये. त्याच्या हातची भोकं मला पुरे झाली. मडकं दैवशालानं धरावं. बाईनं मडकं धरलेलं गावानं पाहिलं नसेल तर या निमित्तानं पाहील. कावळा शिवला नाही तर वाट बघत बसू नये, या उन्हात कावळे तरी कुठं राहिलेत.

शेवटचं कलम. दिनकरराव म्हणतात असं कलम त्यांनी आजवर लिहिलेलं नाही. मग आज लिहा म्हटलं.

बुजवलेलं भोक धरेल की नाही हे आज कोणालाच माहीत नाही. विहीर आज कोरडी आहे. पावसाळा जावा लागेल, तेव्हा कळेल. म्हणून माझ्या मरणानंतर जो पहिला पाडवा येईल त्या दिवशी, गुढी उभी झाल्यावर, सिद्धोधनच्या हातून सगळ्यांच्या देखत पोहरा विहिरीत सोडावा.

पोहरा भरून आला, तर वर लिहिल्याप्रमाणे सगळं दैवशालाचं, कायमचं.

पोहरा कोरडा आला, तर वावर आणि खोल्या दैवशालाकडेच राहतील, पण विहीर तिच्या गळ्यात बांधू नये. ती विहीर आणि तिच्या काठाची जागा माझा मुलगा परमेश्वर याला द्यावी. ती त्याची स्वतःची कमाई आहे. त्यानं ती विकू नये, बुजवू नये, तिच्यावर झाकण टाकू नये. दर साली पाडव्यापासून मृगापर्यंत, उन्हं चढायच्या आत, त्यानं काठावर जाऊन उभं राहावं. घागरी घेऊन जे कोणी येतील, बौद्धवाड्यातले, मोठ्या घरातले, टँकर चुकलेली एखादी म्हातारी, त्यांना प्रत्येकाला "पाणी नाही" हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगावं. माझ्या बापानं ते कोणाला सांगितलं नाही. मी सांगितलं नाही. आमच्या घरात हे शब्द बोलणारा तो पहिला, तर त्यानं ते नीट, मान वर करून बोलावेत.

यापूर्वी मी कुठंही अंगठा उठवलेला असला तर तो या कागदापुढं रद्द समजावा. मजकूर दोनदा वाचून घेतला, माझ्या मनासारखा आहे. अंगठा माझ्या हातानं, कोणी न धरता उठवला.

ठिकाण: वालूर, तालुका सेलू, जिल्हा परभणी
तारीख: २७ मे २०२४, सोमवार

लिहून ठेवणार: बायनाबाई भ्रतार पंडितराव साबळे (डाव्या हाताचा अंगठा)

आमच्या समक्ष बायनाबाईंनी अंगठा उठवला, मजकूर त्यांना ऐकवला, आणि आम्ही सही करताना त्यांनी आम्हालाही दोन शब्द सुनावले. त्या शुद्धीवर आहेत.

साक्षीदार १: सिद्धोधन तुकाराम खिल्लारे, राहणार वालूर (सही)
साक्षीदार २: वाल्मीक गणपतराव मुळे, राहणार वालूर (सही)

लेखनिक: दिनकरराव, सेलू. खाडाखोड नाही. मामांचं नाव गाळलं आहे, ते लिहून देणार यांच्या संमतीनं.